पाण्यातलं वखर

नानांना काही विचारलं की आधी त्यांचा डावा हात वर जायचा. पंजा सरळ, बोटं जुळलेली, चौकातल्या पोलिसासारखा. उजव्या हाताचं काम चालूच. त्या हातात तांब्याची तार असायची आणि ओठांवर आकडे. "एकोणीस, वीस, एकवीस..." समोर जामनेरचा केळीवाला असो, बँकेचा साहेब असो की खुद्द जावई असो, त्याने उंबऱ्याशी उभं राहायचं. गुंडाळी पुरी झाली की नाना शेवटचा आकडा मोठ्याने म्हणायचे आणि त्याच दमात विचारायचे, "बत्तीस. बोला, काय जळनं?"

मध्येच कोणी बोललं तर नाना भांडत नसत. शांतपणे सगळी तार उकलायची, बोटांनी सरळ करायची आणि पुन्हा एकपासून सुरुवात करायची. तेवढा वेळ बोलणाऱ्याने उभं राहून आपलं पाप पाहायचं. ती चूक कोणी दुसऱ्यांदा केल्याचं मला आठवत नाही.

जळगावात मी तीन वर्षं नानांची भाडेकरू होते. रस्त्याला लागून त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान, मागे ते आणि अक्का, वर माझी खोली. विहिरीतली, बोअरमधली मोटार जळली की शेतकरी ती मोटारसायकलवर घालून आणणार, आणि नाना आतली जळकी तार काढून नवी भरणार. चाळीस वर्षं हेच काम. प्रत्येक गुंडाळीत तारेचे वेढे मोजून बसवायचे, त्यांना दुकानात टर्न म्हणत. एक कमी नाही, एक जास्त नाही. "मोटार खोटं बोलस नही," नाना म्हणायचे. "तुनी चूक ती बठ्ठा गावले सांगस."

मोजायची ही खोड दुकानापुरती राहिली असती तरी चाललं असतं. पण जिन्याला चौदा पायऱ्या आहेत हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं, जणू मी त्यातली एखादी चोरून नेणार होते. कुणाकडे सांत्वनाला गेले तरी छताचे वासे मोजून यायचे. अक्का तर त्यांच्या लग्नातलीच गोष्ट सांगायच्या. "आमना लगीनमा यास्नी फेरा मोज्यात. भटजी बोलता बोलता चुकना, आठवा फेरा फिराले लागना, तं यास्नी डावा हात वर कया!" हे सांगताना त्या पदराने तोंड झाकून हसायच्या आणि नाना गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "सात म्हंजे सात."

मी मूळची मालवणकडची. तिथे समुद्रावर लोकांना लाटांवर उभं राहायला शिकवायचं काम करत होते. ते बंद पडलं, मग रसायनशास्त्राची डिग्री शोधून काढली आणि जळगावच्या ठिबकच्या पाइपांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, नोकरी धरली. सामान फारसं नव्हतं. दोन बॅगा आणि एक लांबलचक कापडी पिशवी. नानांनी त्या पिशवीकडेच बोट केलं.

"हाई काय शे?"

मी चेन उघडून दाखवलं. एक छोटी फळी, तिच्या पोटाला हातभर उंच पातळ दांडा, आणि दांड्याच्या तळाशी आडवे, धारदार पंख. नानांनी पंखाच्या कडेवरून अंगठा फिरवला, विळ्याची धार बघतात तसा.

"वखर शे का?"

"नाही नाना, हे समुद्रातलं आहे."

"समुद्रमा बी वखरनी करतस का तुम्ही?"

मी हसले खरी, पण बघा ना, माणूस चुकला नव्हता. शेतातलं वखर मातीच्या आत बोटभर चालतं, वर काहीच दिसत नाही. याचंही तसंच. याला फॉइल म्हणतात. वेग आला की पंख पाण्यात राहतात आणि फळी पाण्यापासून हातभर वर उचलली जाते. वरचा माणूस हवेतून चालल्यासारखा जातो. आवाज नाही, फेस नाही. हे मी नानांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"मंग आठे कसाले आनं? आठे ना समुद्र, ना लाट."

मी पिशवीची चेन पुन्हा ओढून घेतली. खोलीत मी ते भिंतीला टांगून ठेवलं. मे महिन्यात, नळातून चहा करता येईल असं पाणी येत असताना, मी पंख्याखाली पडून त्याच्याकडे बघत बसायचे आणि मला रडू यायचं. आता सांगायला लाज कसली, यायचं.

अक्कांनी एकदा ते पाहिलं. अक्कांनी पाहिलं म्हणजे नानांना कळलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चौदा पायऱ्या चढून नाना दारात उभे.

"त्या वखरले वर उचलाले काय लागस?"

"लाट लागते. नाहीतर ओढायला बोट लागते."

"बोट नही तं मोटार बांधू. तिले काय."

मी त्यांना फोनवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशात कोणीतरी मोटार लावलेली छोटी फळी घरी बनवली होती. तिच्यावर माणूस नसतो. ती पुढे धावते, मागे दोरी, दोरीच्या टोकाला फॉइलवर उभा माणूस. तो वर उचलला गेला की दोरी सोडायची आणि आपल्या बळावर लाट धरायची. नानांनी व्हिडिओ तीनदा पाहिला. समुद्र, लाटा, तो उघडा गोरा माणूस, यातलं काहीही त्यांना दिसलं नसावं. त्यांनी विचारलं, "मोटार किती अँपिअर खास?"

झालं. त्या दिवसापासून आमच्या संध्याकाळी दुकानात जाऊ लागल्या. कूलरच्या फायबर बॉड्या बनवणाऱ्याकडून राळ आणि काचेचं कापड आणलं. थर्माकोलचा ठोकळा नानांनी तापल्या तारेने लोण्यासारखा कापला. जुन्या विजेच्या स्कूटरची बॅटरी मिळाली आणि भंगारातून त्याच जातीची मोटारही. राहिला पंखा. पाणी मागे लोटणारा, तीन पात्यांचा. नानांनी लाकडाचा नमुना स्वतः तासला आणि एका शनिवारी आम्ही एसटीने धुळ्याला गेलो, तिथल्या एका ओतारी चाचांकडे. नानांचे पंप याच चाचांच्या भट्टीतल्या पात्यांवर चालत आलेले.

चाचांनी नमुना उलटसुलट करून पाहिला. "नाना, ये पंखा किसका? कूलरचा तर नाय दिसत."

"पान्यावर चालनारं शे. वर मानूस बसत नही."

"मग भुताचंच काम आहे," चाचा म्हणाले आणि भंगारातले पिस्टन भट्टीत टाकायला लागले.

पहिला पंखा साच्यातून निघाला तो एका पात्यावर बारीक भोकं घेऊन. मी म्हटलं, चालेल. दोघं म्हातारे माझ्याकडे असे बघायला लागले की मी उठून बाहेर चहा प्यायला गेले. परत आले तर तो पंखा पुन्हा भट्टीत वितळत होता. दुसरा निर्दोष निघाला. येताना नानांनी तो उपरण्यात गुंडाळून मांडीवर धरला होता. शेजारच्या बाईने कौतुकाने विचारलं, देव कोणता? नाना म्हणाले, "आते ठरस."

दुकानातल्या प्रत्येक मोटारीवर नाना ऑइलपेंटने मालकाचं नाव आणि गाव लिहायचे, म्हणजे अदलाबदल नको. आमच्या फळीवरही लिहिलं. माझं नाव, आणि खाली, 'मु. पो. समुद्र'.

आता आमच्या शहाणपणाची गोष्ट सांगते. त्या परदेशी माणसाच्या हातात एक छोटा रिमोट होता. फळी जवळच्या धरणात सोडायची होती आणि त्यासाठी तो मागवावा असं मी म्हणत होते. नानांना ते पटेना. आपल्याकडे वीज कधी येईल याचा नेम नाही, म्हणून शेतकरी मोटारीला मोबाइल स्टार्टर बसवतात. त्यात सिम कार्ड असतं. घरबसल्या मोटारीला फोन लावायचा, एक दाबलं की चालू, दोन दाबलं की बंद. पाणी संपलं तर मोटारच उलट फोन करून बाईच्या आवाजात तसं सांगते. नानांनी आयुष्यात असे शेकडो बसवले होते.

"रिमोट कसाले? मोटारले फोन लाव."

"आणि रेंज नसेल तर?"

"माय, विहिरीवर रेंज येस, धरणवर येवाव नही का?"

मला पटलं. कारखान्यात मी चुका काढायचा पगार घेत होते आणि तरी मला पटलं. विहिरीतली मोटार फोन लागला नाही तरी विहिरीतच राहते, एवढी साधी गोष्ट आमच्या दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आली नाही.

धरणावर मासेमारीवाल्यांना विचारून आम्ही सकाळी फळी पाण्यात सोडली. वर कोणी नाही, मागे दोरी नाही, नुसती चाचणी. अक्कांनी फळीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. नानांनी फोन लावला आणि एक दाबलं. फळी अशी सुटली की अक्कांच्या हातातली खोबऱ्याची वाटी खाली पडली. सरळ, ठाम, धरणाच्या मधोमध. नानांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. पोरगी पहिल्या नंबराने पास झाल्यासारखा.

मग त्यांनी पुन्हा फोन लावला, बंद करायला. फोनमधली बाई म्हणाली, आपण डायल केलेला नंबर संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.

"बाहेर काय म्हनस? समोर दिखी ऱ्हायना ना!" नाना तिच्यावर ओरडले.

फळी लहान होत होत ठिपका झाली आणि दिसेनाशी झाली. आम्ही तिघं काठावर बसलो. पंधरा-वीस मिनिटांनी नानांचा फोन वाजला. बाईचा आवाज, अगदी शांत. "आपली मोटार पाण्याशिवाय चालू आहे. कृपया मोटार बंद करा."

"हो ताई, करतो," नाना अदबीने म्हणाले आणि दोन दाबलं.

मासेमारीवाल्यांच्या होडीतून पलीकडच्या काठाला गेलो. फळी चिखलात रुतली होती. भोवती चार माणसं उभी होती आणि एकाने ती पुन्हा पळू नये म्हणून तिच्यावर मोठा धोंडा ठेवला होता. नाना वाकले आणि त्यांनी नुसता वास घेतला. जळकी मोटार बघावी लागत नाही, वासानेच कळते. मला वाटलं, त्यात काय, मोटार जळली तर कोणाच्या घरी जळली? रिवायंडिंगवाल्याच्या. दोन दिवसांत नवी तार भरतील.

पण मोटार दुकानाच्या कोपऱ्यात आठवडाभर तशीच पडून राहिली. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "देखू." नानांच्या तोंडून तो शब्द मी प्रथमच ऐकला.

शेवटी अक्कांनीच सांगितलं. त्या फुनके, म्हणजे डाळीचे वाफवलेले मुटके, करायला डाळ वाटत होत्या, मी लसूण सोलत होते.

"नाना आते वायंडिंग करतस नही, माय. सहा महिना व्हयनात. गुपचूप नशिराबादले पाठवतस, तठला कारागीर भरी देस."

"काहीतरीच काय अक्का! रोज तर मोजताना बघते मी त्यांना."

"ती जुनी तार शे. भरतस, उकलतस. भरतस, उकलतस. कोनी उनं की हात वर करतस."

माझ्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. मग त्यांनी बाकीचं सांगितलं. हे दुकान नानांच्या थोरल्या भावाने काढलेलं. नानांना तार धरायला त्यांनीच शिकवलं. एक दिवस मोजता मोजता ते थांबले आणि त्यांनी विचारलं, "कितवा व्हता?" सगळे हसले. वर्षभरात ते नानांकडे बघून विचारायला लागले, "तू कोन?" तसेच दोन वर्षं राहिले आणि गेले.

"दिवाळीना टाइमले," अक्का म्हणाल्या, "यास्नी बी माले इचारं. कितवा व्हता?"

त्या डाळ वाटत राहिल्या. मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं, आणि रागही आला, की सहा महिने हे माझ्या पायाखाली चाललं होतं आणि मला काही दिसलं नाही. गिऱ्हाइकाला थांबवणारा तो हात आठवला. आतमध्ये जुनी तार, आणि बाहेर हात वर.

दोन दिवसांनी नाना पुन्हा चौदा पायऱ्या चढून आले. बगलेत ती जळकी मोटार.

"हाई मीच भरसू," ते म्हणाले. "रविवारले खाली ये. तू मोजू नको. फक्त बस."

ही परीक्षा आहे हे मला कळलं. आपला आकडा अजून आपल्याजवळ आहे का, हे त्यांना स्वतःला बघायचं होतं. मोटार खोटं बोलत नाही. तीन फेज असतात, म्हणजे तारेच्या तीन वाटा. तिन्हींत टर्न सारखे असतील तर तिन्ही तारांत करंट सारखा. चुकला असेल तर मीटर सांगणार.

रविवारी दुकानाचं शटर अर्धं खाली. नाना स्टुलावर, मी पोत्यावर. एक गुंडाळी बत्तीस टर्नांची. पहिली फेज बिनचूक भरली, दुसरी भरली. आवाज हळूहळू मोकळा व्हायला लागला होता. मोजू नको असं त्यांनी म्हटलं होतं, पण मी मोजत होते. मनातल्या मनात, ओठ मिटून. नाइलाज होता, मोजायची सवय माझ्याही हाडात आहे.

तिसऱ्या फेजची पहिलीच गुंडाळी. "चोवीस, पंचवीस, सव्वीस," आणि शटरवर थाप पडली. "नाना शेत का?"

नानांचा डावा हात वर गेला. उजवा क्षणभर थांबला. बाहेरचा माणूस निघून गेला. उजवा हात पुन्हा फिरला आणि नाना म्हणाले, "चोवीस."

मी तोंड उघडलं. पण हात अजून वरच होता, पंजा आता माझ्याकडे. त्या पंज्यासमोर मी चाळीस वर्षांच्या गिऱ्हाइकांसारखी गप्प झाले. पंचवीस, सव्वीस, सत्तावीस. बत्तीस झाल्यावर नानांनी माझ्याकडे असं बघितलं, परीक्षेच्या पेपरावरून पोर बघतं तसं. मी हसले. आजही ते हसू आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

अक्कांना मात्र मी सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "बोलू नको माय. मोटार फिरी ऱ्हायनी ना? बस."

मोटार फिरत होती. मागच्या हौदात फळी दोरीने बांधून नानांनी चालवून पाहिली. आधी ती उलटीच जोर करायला लागली, मागे सरकली. त्याला नानांना अर्धं मिनिटही लागलं नाही. दोन तारांची अदलाबदल केली की मोटार सुलट फिरते, हे तर खानदेशात शाळेतलं पोरही सांगेल. पण दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मोटारीला नाना टाँगटेस्टर लावायचे, तारेला चिमट्यासारखं पकडून करंट दाखवणारं मीटर ते. त्या दिवशी लावलं नाही. "धरणवर देखू," म्हणाले. मला कळलं, मी जितकी घाबरले आहे तितकेच तेही घाबरले आहेत.

या खेपेला खेळण्यातल्या गाडीचा रिमोट होता, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला. बोट उचललं की मोटार बंद. पश्चिमेचा वारा सुटला होता आणि धरणावर गुडघाभर लाटा उठत होत्या. मी लाइफ जॅकेट घातलं, माझ्या फॉइलच्या फळीवर पालथी पडले, दोरीची मूठ धरली आणि बटण दाबलं.

दोरी ताणली. पाणी तोंडावर आलं. मी आधी गुडघ्यावर आणि मग पायांवर उभी राहिले, आणि तो आवाज थांबला. पाण्याचा आवाज. तीन वर्षांत मी तो आवाज थांबलेला ऐकला नव्हता. खाली पंख, मध्ये हातभर हवा, वर मी. मी दोरी सोडून दिली, बोट उचललं. नानांची फळी निमूटपणे बाजूला थांबली आणि एका वाऱ्याच्या लाटेने मला घेतलं. मग दुसरीने. मालवणच्या समुद्रापुढे त्या लाटा म्हणजे अगदीच काहीतरी. पण मी मोठ्याने रडत होते आणि मोठ्याने हसत होते, आणि ऐकायला तिथे फक्त बगळे होते.

काठावर आले तेव्हा नाना गुडघाभर पाण्यात उभे होते.

"एकशे बारा," ते म्हणाले.

"काय?"

"एकशे बारा मोजेतोवर तू हवामा व्हतीस."

त्यांचे डोळे भरले होते. मला वाटलं, झालं, आता इथेच सगळं संपू दे. पण नानांनी पिशवीतून टाँगटेस्टर काढलं. मोटारीची फळी काठाला बांधली, झाकण उघडलं. रिमोट अक्कांच्या हातात दिला. आणि मीटरची चौकट माझ्याकडे वळवून म्हणाले, "तू वाच." स्वतः ते धरणाकडे बघत राहिले.

अक्कांनी बटण दाबलं. नानांनी पहिली तार चिमट्यात धरली.

"अकरा पॉइंट आठ," मी वाचलं.

दुसरी तार. "अकरा पॉइंट आठ."

तिसरी. अक्का माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते मला वाचता येत होतं, मीटरपेक्षा स्पष्ट. एक आकडा तर म्हणायचा. कोणाचं काय बिघडणार होतं? पण ज्या माणसाने आयुष्यभर एक टर्न इकडचा तिकडे होऊ दिला नाही, त्याला मी खोटा आकडा कसा देऊ? आणि दिला असता, तरी माझा आवाज त्यांनी ओळखला असता.

"अकरा पॉइंट चार," मी म्हटलं.

अक्कांनी बटणावरचं बोट उचललं. पंखा थांबला.

"कोठे?" नानांनी विचारलं, धरणाकडे बघतच.

"तिसऱ्या फेजची पहिली गुंडाळी. सव्वीसनंतर तुम्ही पुन्हा चोवीस म्हणालात. तीन टर्न जास्त बसले."

"तू मोजी ऱ्हायनी व्हतीस?"

"हो."

"मी नको म्हनेल व्हतं."

"हो."

"मंग तव्हयच काबर नही बोलनीस?"

"तुमचा हात वर होता, नाना."

नानांनी मान खाली घातली आणि आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा. मग त्यांनी तो हात पाण्यात बुडवला, धुतला, आणि धोतराला पुसला.

"तीन टर्न जास्त, तरी तुले उचललं ना?"

"उचललं."

"मंग खाऊत चल. फुनका थंडा व्हई ऱ्हायनात."

आम्ही काठावर बसून खाल्लं. नाना नेहमीसारखे फुनके मोजून वाढत होते. अक्कांचं मात्र जेवणात लक्ष नव्हतं. घरी येताच त्या सरळ आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. मला वाटलं, मी या माणसांचं घर मोडलं.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात रजा टाकली. सकाळी शटर पूर्ण उघडं होतं. मोटार टेबलावर, तिसऱ्या फेजची तार उकललेली, सरळ केलेली. आणि नानांच्या स्टुलाशेजारी दुसरं स्टूल होतं. ते घरातलं होतं, अक्का ज्याच्यावर बसून भाजी निवडायच्या ते. अक्कांनीच ते तिथे आणून ठेवलं होतं.

"बस," नाना म्हणाले. "आते दोघं मोजू. मोठ्याने."

मी बसले. नानांनी तार धरली. एक, दोन, तीन. चाळीस वर्षं त्या दुकानात एका वेळी एकाच माणसाने मोजलं होतं, आता दोन आवाज होते, एक खानदेशी आणि एक मालवणी. सुरुवातीला जुळत नव्हते. दहापर्यंत जुळले. वीस झाले. मागच्या दारात अक्का हात पुसत येऊन उभ्या राहिल्या. चोवीस, पंचवीस, सव्वीस.

नानांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लपवलं नाही काही, सरळ पाहिलं, वाट विचारणाऱ्या माणसासारखं.

"सत्तावीस," मी म्हटलं.

"अठ्ठावीस," नाना म्हणाले, आणि तार फिरली.

तेवढ्यात उंबऱ्याशी कोणीतरी खांद्यावरची मोटार धपकन उतरवली. "नाना, मनी मोटार..."

आमचे दोघांचे डावे हात एकदम वर गेले.